यंत्राचा अबोला आणि एक हरवलेली फाईल

(शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये यांतील संगणकांच्या देखभालीविषयी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शासकीय कार्यालयात एखादी वस्तू निरुपयोगी ठरविण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते. ती चालेनाशी झाली की कोपऱ्यात जाते, कोपऱ्यातून अडगळीच्या खोलीत जाते आणि यथावकाश तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. खुर्चीचा पाय मोडला किंवा पंख्याचे वाइंडिंग जळाले, तर हा निर्णय डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्यावर घेता येतो. संगणकाच्या बाबतीत मात्र तसे नाही. त्याचे सर्व भाग शाबूत असतात, वीजपुरवठा सुरळीत असतो आणि तरीही त्याचा एखादा अवयव मुका राहतो. अशा वेळी 'यंत्र बिघडले' असा शेरा मारणे सोपे असते. परंतु तो शेरा खरा असेलच असे नाही. यंत्राला मिळावयास हवी असलेली एक लहानशी फाईल त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते, एवढेच काय ते घडलेले असते. या फाईलला 'फर्मवेअर' म्हणतात. ती कोठे अडते आणि अडली तर ती जागा कशी शोधावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय आजच घेण्यास एक कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तिच्या पुढची 'विंडोज ११' ही प्रणाली दहाबारा वर्षांपूर्वीच्या संगणकांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. असे संगणक टाकून देण्याऐवजी त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवावी, हा मार्ग अनेकांना सुचतो आणि तो योग्यही आहे. केंद्र शासनाने मुक्त स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले आहे, आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेची 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सवरच उभारलेली आहे. परंतु जुन्या यंत्रावर नवी प्रणाली बसविताना पहिली ठेच लागते ती बहुधा फर्मवेअरचीच.

एक कल्पित उदाहरण

एखादी ग्रामीण शाळा डोळ्यांसमोर आणावी. शाळेला २०१४ च्या सुमाराचा एक लॅपटॉप देणगी म्हणून मिळाला. उत्साही शिक्षकांनी त्यावर 'डेबियन ११' ही लिनक्स प्रणाली बसविली. पडदा उजळला, मराठी टंकलेखन होऊ लागले, ध्वनी ऐकू आला. परंतु वाय-फायचे चिन्हच कोठे दिसेना. गावातील दुरुस्ती करणाऱ्याने पाहून सांगितले, "वाय-फाय कार्ड गेले आहे." नवे कार्ड आणण्यासाठी निधी नव्हता. लॅपटॉप कपाटात गेला.

या लॅपटॉपमध्ये इंटेल कंपनीचे '७२६०' या क्रमांकाचे वाय-फाय कार्ड होते असे मानू. हे कार्ड गेलेले नव्हते. त्याला हव्या असलेल्या फर्मवेअरची फाईल साधारण १ मेगाबाइटची असते, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राहूनही ती पुष्कळदा लहान भरते. तेवढी फाईल नव्हती, म्हणून संपूर्ण लॅपटॉप कपाटात गेला.

फर्मवेअर म्हणजे काय?

यंत्राचे दृश्य भाग म्हणजे 'हार्डवेअर' आणि त्याला दिलेल्या आज्ञा म्हणजे 'सॉफ्टवेअर', हा भेद आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. १९६७ मध्ये अ‍ॅशर ओप्लर या लेखकाने या दोहोंच्या मधल्या थरासाठी 'फर्मवेअर' हा शब्द योजिला. आज या शब्दाने उपकरणाच्या पोटात चालणाऱ्या आज्ञावलीचा बोध होतो. वाय-फाय कार्ड हा केवळ धातूचा तुकडा नसतो. त्यात स्वतःचा लहानसा प्रक्रियक आणि स्वतःची स्मृती असते. लहरी केव्हा सोडाव्यात, केव्हा ऐकाव्यात, दोन संदेशांत किती अंतर ठेवावे, हे तो प्रक्रियक ठरवितो, आणि ते कसे ठरवावयाचे याच्या आज्ञा फर्मवेअरमध्ये असतात.

पूर्वी अशा आज्ञा उपकरणातच कायमच्या कोरून ठेवण्याचा प्रघात होता. पुढे उत्पादकांनी विचार केला की, प्रत्येक कार्डात कायमची स्मृती बसविण्याचा खर्च कशाला? संगणकाच्या हार्ड डिस्कवर फाईल ठेवावी आणि संगणक सुरू होताना ती कार्डाला द्यावी. त्यात खर्च वाचतो आणि आज्ञांत सुधारणा झाल्यास केवळ फाईल बदलून भागते. परंतु या सोयीबरोबर एक परावलंबनही आले. वीज गेली की असे कार्ड सर्व काही विसरते. दर सकाळी नवे आदेशपत्र हाती पडल्याशिवाय कामाला हात न लावणाऱ्या कर्मचाऱ्यासारखी त्याची अवस्था असते.

आदेशपत्राचा प्रवास

हे आदेशपत्र कोणत्या वाटेने जाते, हे समजून घेतले की निम्मे निदान झालेच म्हणावे.

प्रथम लिनक्सचा गाभा, ज्याला 'कर्नेल' म्हणतात, जोडलेल्या उपकरणांची हजेरी घेतो. प्रत्येक उपकरण आपल्या उत्पादकाचा आणि स्वतःचा क्रमांक सांगते. ८०८६ हा इंटेलचा क्रमांक होय. त्या क्रमांकावरून कर्नेल योग्य ड्रायव्हर निवडतो. ड्रायव्हर म्हणजे त्या उपकरणाची भाषा जाणणारा दुभाषी. हा दुभाषी विशिष्ट नावाची फाईल मागतो आणि कर्नेल ती ठराविक जागी शोधतो. 'लिब' या विभागात 'फर्मवेअर' नावाचा कप्पा असतो. त्यातील 'अपडेट्स' या पोटकप्प्यात चालू कर्नेलच्या आवृत्तीचा खण, मग तो पोटकप्पा स्वतः, मग मुख्य कप्प्यात त्या आवृत्तीचा खण आणि शेवटी मुख्य कप्पा, असा शोधाचा क्रम असतो. संगणक सुरू करताना एखादी वेगळी जागा मुद्दाम सांगितलेली असेल, तर ती सर्वांच्या आधी पाहिली जाते. फाईल मिळाली की ती उपकरणाच्या स्मृतीत भरली जाते. अनेक उपकरणे तिच्यावरील उत्पादकाची सांकेतिक स्वाक्षरी पडताळून पाहतात. अखेरीस फर्मवेअर चालू होते आणि उपकरण उत्तर देते. इंटेलच्या वाय-फाय कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये या उत्तराचे नावच 'अलाइव्ह' म्हणजे 'जिवंत' असे आहे. वर्गातील मुलाने 'हजर' म्हणावे तसे ते असते.

हजेरी, दुभाषी, मागणी, शोध, भरणा, पडताळणी आणि 'हजर' हा प्रतिसाद, अशा या सात पायऱ्या आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला यांपैकी कोणतीही पायरी चुकली तरी एकच गोष्ट दिसते : वाय-फाय नाही. उपाय मात्र प्रत्येक पायरीचा वेगळा आहे. म्हणून उपाय करण्याआधी पायरी ओळखणे अगत्याचे ठरते.

नोंद काय सांगते?

सुदैवाने कर्नेल स्वतःची रोजनिशी ठेवतो. 'डी-एम-ई-एस-जी' या पाच अक्षरांची आज्ञा दिली की ती पडद्यावर येते. काही प्रणालींत त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. मजकूर लांबलचक असतो, पण त्यात 'फर्मवेअर' हा शब्द शोधला की कामापुरत्या ओळी हाती लागतात. कल्पित उदाहरणातील लॅपटॉपच्या नोंदीत ड्रायव्हरचे नाव, हव्या असलेल्या फाईलचे पूर्ण नाव आणि 'उणे २' हा आकडा आढळला असता. खाली 'योग्य फर्मवेअर सापडले नाही' अशा अर्थाची ओळही दिसली असती. दुरुस्तीसाठी एवढी माहिती पुरेशी होती, परंतु ती कोणी वाचलीच नाही.

हे आकडे सांकेतिक असले तरी गूढ नाहीत. उणे २ म्हणजे 'अशी फाईल नाही'. उणे ११० म्हणजे 'मुदतीत उत्तर आले नाही'. उणे २२ म्हणजे 'दिलेली गोष्ट ग्राह्य नाही'. पहिला आकडा शोधाच्या पायरीकडे बोट दाखवितो. दुसरा बहुधा भरण्याच्या किंवा प्रतिसादाच्या पायरीकडे नेतो. तिसरा आढळला तर फाईल चुकीची किंवा खराब तर नाही ना, हे आधी पाहावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नोंदीतील प्रत्येक 'अपयश' हा बिघाड नसतो. काही ड्रायव्हर सर्वांत नव्या आवृत्तीची फाईल आधी मागतात. ती नसेल तर तिच्या मागची, तीही नसेल तर त्याहून मागची, असे ते उतरत जातात. प्रत्येक वेळी 'सापडली नाही' अशी ओळ उमटते आणि शेवटी जुनी आवृत्ती मिळून काम सुरळीत सुरू होते. केवळ वरच्या ओळी पाहून धास्ती घेणारा माणूस नसलेल्या दुखण्यावर औषध करू लागतो. म्हणून नोंद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

बिघाडाच्या चार जागा

पहिली आणि सर्वांत साधी जागा म्हणजे फाईलच नसणे. पुष्कळ उत्पादक फर्मवेअरचा मूळ मजकूर उघड करीत नाहीत. ते केवळ मोहोरबंद लखोटा देतात. डेबियन या १९९३ मध्ये सुरू झालेल्या स्वयंसेवी प्रकल्पाने मुक्ततेच्या तत्त्वाला धरून असे लखोटे आपल्या अधिकृत प्रतिष्ठापन संचाबाहेर ठेविले होते. तत्त्व निर्मळ होते, परंतु त्यातून विचित्र पेच उद्भवला : वाय-फायसाठी फाईल हवी आणि फाईल आणण्यासाठी वाय-फाय हवे. अखेर २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सभासदांनी मतदान करून असे फर्मवेअर अधिकृत संचात घेण्यास मान्यता दिली आणि जून २०२३ मध्ये आलेल्या 'डेबियन १२' पासून ते वेगळ्या विभागात संचाबरोबरच मिळू लागले. जुना संच वापरणाऱ्यास हा पेच आजही भेटतो. त्यातून वाट काढणे कठीण नाही. संगणक तारेने इंटरनेटला जोडावा. अथवा मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला द्यावे. तेही शक्य नसेल तर दुसऱ्या संगणकावर फर्मवेअरचा संच उतरवून पेन ड्राइव्हने आणावा. मात्र तो त्या प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावा. अनोळखी ठिकाणची फाईल यंत्राच्या पोटात घालणे धोक्याचे आहे.

दुसरी जागा अधिक फसवी असते. फाईल कप्प्यात आहे, नावही अचूक आहे, तरी नोंद म्हणते, 'सापडली नाही'. याचे कारण काळाच्या क्रमात असते. संगणक सुरू होताना मुख्य डिस्क उघडण्याआधी कर्नेलला एक लहानशी प्राथमिक शिदोरी दिली जाते. तिला 'इनिट-रॅम-एफएस' म्हणतात. पडदा चालविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर पुष्कळदा या शिदोरीतूनच जागा होतो. त्या क्षणी मुख्य डिस्कवरील कप्पा उघडलेलाच नसतो. फाईल घरात आहे, पण घराला अजून कुलूप आहे, अशी ही स्थिती असते. शिदोरी नव्याने बांधताना तीत ती फाईल घालणे हाच यावरील उपाय होय.

तिसरी जागा म्हणजे नावाचा किंवा रूपाचा मेळ नसणे. कर्नेल नवा आणि फर्मवेअरचा संच जुना असला की ड्रायव्हर मागतो ते नाव भांडारात नसते. फाईल संकुचित रूपात ठेविली असेल आणि कर्नेलला ते रूप उलगडता येत नसेल, तरीही परिणाम तोच. लिनक्समध्ये संकुचित फर्मवेअर वाचण्याची सोय २०१९ मध्ये आली. त्याआधीच्या कर्नेलला अशी फाईल दिसूनही न दिसल्यासारखीच असते. ड्रायव्हरला नेमके कोणते नाव हवे आहे हे 'एम-ओ-डी-आय-एन-एफ-ओ' या आज्ञेने बहुधा कळते. दुसऱ्याच फाईलचे नाव बदलून ती तेथे ठेवण्याचा मोह टाळावा.

चौथी जागा उपकरणाचीच होय. फाईल मिळाली, भरली गेली, पण 'हजर' हे उत्तर आले नाही. येथेही घाईने निष्कर्ष काढू नये. संगणक केवळ 'रीस्टार्ट' केल्याने काही उपकरणांची वीज पूर्णपणे तुटत नाही आणि ती आधीच्या गोंधळलेल्या अवस्थेतच राहतात. ज्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, तेथे विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' ही सोय असाच घोटाळा करू शकते. ती बंद करून संगणक पूर्ण बंद करावा, वीजतार काढावी, शक्य असल्यास बॅटरी काढावी आणि काही वेळाने पुन्हा सुरू करावा. तरीही उत्तर न आल्यास तेच कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहावे. तेथेही ते मुके राहिले, तरच कार्डावर दोष ठेवण्यास आधार मिळतो.

दोन मेजांमधला खोळंबा

कधीकधी मात्र फाईल, ड्रायव्हर आणि उपकरण हे सर्व ठीक असूनही काम अडते. याचे एक उदाहरण लिनक्सच्या इतिहासात आहे आणि कार्यालयीन कामकाजाशी परिचित असलेल्यांना ते विशेष उद्बोधक वाटेल.

ड्रायव्हरने फाईल मागावी आणि ती त्याला मिळावी, अशी सामाईक व्यवस्था २००३ मध्ये लिनक्समध्ये आली. मॅन्युएल एस्त्रादा साइन्झ यांनी ती लिहिली. त्या व्यवस्थेत कर्नेल स्वतः फाईल आणीत नसे. तो 'यू-डेव्ह' नावाच्या साहाय्यक कार्यक्रमाला निरोप देई आणि तो कार्यक्रम फाईल आणून देई. २०१२ च्या आरंभी या साहाय्यकाच्या कामाचा क्रम बदलला. ड्रायव्हर पूर्ण सुरू झाल्याशिवाय तो पुढचा निरोप हाती घेईना; इकडे काही ड्रायव्हर फाईल मिळाल्याशिवाय पूर्ण सुरू होईनात. एका मेजावरची फाईल दुसऱ्या मेजाच्या अभिप्रायासाठी थांबलेली आणि दुसरे मेज पहिल्याच्या अभिप्रायासाठी थांबलेले, असा तो प्रकार झाला. ठरलेली मुदत संपेपर्यंत संगणक ताटकळत राही. चूक कोणाची यावर बराच वाद झाला. शेवटी ऑक्टोबर २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी मधला टप्पाच काढला आणि कर्नेलने फाईल थेट डिस्कवरून वाचावी अशी सोय केली. डिसेंबर २०१२ च्या ३.७ या आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर असला तरी भागांमधला क्रम चुकू शकतो, आणि तो चुकला तर नवे सुटे भाग आणून काहीही साधत नाही.

तपासणीची रीत

आता कार्यालयात किंवा शाळेत पाळावयाची रीत थोडक्यात सांगता येईल. उपकरण हजेरीत आहे काय, हे सर्वप्रथम पाहावे. संगणकाच्या आत बसविलेल्या कार्डासाठी 'एल-एस-पी-सी-आय' आणि बाहेरून जोडलेल्या उपकरणासाठी 'एल-एस-यू-एस-बी' या आज्ञा आहेत. उपकरण त्या यादीतच नसेल, तर प्रश्न फर्मवेअरचा नाही. जोडणी, संगणकाची मूळ मांडणी किंवा प्रत्यक्ष नादुरुस्ती यांकडे वळावे. वाय-फायचे चिन्ह दिसते पण ते बंद आहे, असे असेल तर कळफलकावरील कळ किंवा बाजूचा खटका आधी तपासावा. उपकरण यादीत असून मुके असेल, तर नोंद काढावी, फाईलचे नाव आणि आकडा कागदावर उतरवावा आणि चार जागांपैकी कोणती लागू पडते ते ठरवावे. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. एकाच दिवशी पाच गोष्टी बदलून यंत्र सुरू झाले, तर ते कशाने सुरू झाले हे कोणालाच कळत नाही आणि शेजारच्या शाळेला त्या अनुभवाचा उपयोग होत नाही.

या रीतीलाही मर्यादा आहे. लखोट्याच्या आतील मजकुरातच दोष असेल, तर तो दूर करणे उत्पादकाच्याच हाती असते. स्वाक्षरीच्या बंधनामुळे जाणत्यालाही अशा उपकरणात फेरफार करता येत नाही. तेव्हा आधीची चालणारी आवृत्ती जपून ठेवणे आणि नव्या खरेदीच्या वेळी उपकरणाचे फर्मवेअर लिनक्सच्या सामाईक भांडारात उपलब्ध आहे काय याची चौकशी करणे, एवढे आपल्या हाती उरते. खरेदीच्या अटींत ही एक ओळ घातल्यास पुढची पुष्कळ पायपीट वाचेल.

खरोखरच निकामी झालेली यंत्रे टाकावीच लागतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांमार्फत व्हावी, याचीही दक्षता घ्यावी. परंतु त्या वाटेला लावण्यापूर्वी निर्लेखन प्रस्तावाबरोबर एक कागद जोडावा. त्यावर तीन गोष्टी असाव्यात : उपकरण हजेरीत दिसले काय, नोंदीत कोणता आकडा होता आणि कोणता उपाय करून पाहिला. ज्या प्रस्तावाला हा कागद जोडता येत नाही, त्यातील यंत्राची तपासणी अद्याप झालेलीच नाही असे समजावे आणि प्रस्ताव परत पाठवावा. कल्पित उदाहरणातील त्या शाळेच्या कपाटात असलेला लॅपटॉप याच एका कागदाने पुन्हा मुलांच्या बाकावर आला असता.